निळ्या उजेडाचा बाऊ नको, डोळ्यांची हेळसांडही नको



लागवड, खत, पाणी, तोडणी यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज थोडे डोळ्यांविषयी बोलू. चिमूर भागात सभासदांच्या गाठीभेटी होतात, तेव्हा एक प्रश्न हटकून कानावर येतो : "मोबाइलच्या निळ्या उजेडानं पोरायचे डोळे जातात म्हणे, खरं हाय का जी?" या भीतीपोटी काहीजण जादा पैसे मोजून निळा उजेड अडवणारे चष्मेही घेतात. म्हणून हा खुलासा.

सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सात रंग असतात, त्यांतलाच निळा हा एक. दिवसभर शेतात उभ्या असलेल्या माणसाला आभाळातून जेवढा निळा उजेड मिळतो, त्यापुढे मोबाइलचा म्हणजे सूर्यापुढे कंदील. मोबाइलच्या निळ्या उजेडाने माणसाच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, असा पुरावा मिळालेला नाही. निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यांवर झालेल्या १७ चाचण्या कोक्रेन या संस्थेने २०२३ साली एकत्र तपासल्या. साध्या चष्म्यापेक्षा त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे काही दिसले नाही. तेव्हा त्यासाठी जादा पैसे घालवू नका.

मग डोळे चुरचुरतात कशाने? एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. मोबाइल पाहताना हे प्रमाण निम्म्यावर येते. पापणी म्हणजे डोळ्याची पाण्याची पाळी. पाळी चुकली की रान तडकते, तसा डोळा कोरडा पडतो. शिवाय जवळचे सतत पाहिल्याने डोळ्याचे स्नायू ताणलेले राहतात. भरलेली बादली हातात धरून उभे राहिल्यासारखेच ते.

निळ्या उजेडाचा एक परिणाम मात्र खरा आहे, तो झोपेवर. रात्री तो डोळ्यांत गेला की शरीराला अजून दिवसच आहे असे वाटते आणि झोप लांबते. रानडुकरांसाठी जागलीला जाणाऱ्यांनी उरलेल्या वेळात झोपायच्या आधी तरी मोबाइल बाजूला ठेवावा.

खरी काळजी लेकरांची. तासन् तास जवळचे पाहणे आणि घरातच बसणे, यामुळे वाढत्या वयात डोळ्याचे बुबुळ नव्हे, तर डोळ्याचा गोळाच लांबट होत जातो, दूरचे अंधुक दिसते आणि नंबर लागतो. यावर बाहेरचा मोकळा उजेड हाच मोठा आधार आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर राहण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अंधुक दिसण्याचे प्रमाण उतरू लागले.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. ताडोबाच्या कडेच्या गावांत दिवस मावळला की वाघाच्या धास्तीने मुलांना घरात घ्यावे लागते, आणि मग हातात मोबाइल येतो. त्यामुळे खेळ दिवसाउजेडीच झाला पाहिजे : शाळेच्या मैदानावर, अंगणात, मोठ्यांच्या नजरेसमोर. संध्याकाळच्या मोबाइलवर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली तोड काढली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघर मोबाइल आणि टीव्ही बंद, साडेआठपर्यंत मुलांचा अभ्यास. गाव उसाच्या पट्ट्यातलेच. कारखान्याच्या भोंग्यावर आपण पाळ्या बदलतो, मग घरासाठी एक भोंगा का नको?

ध्यानात ठेवण्याजोगे :

१. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. पापणी आठवणीने मिटावी.

२. मूल टीव्हीजवळ जात असेल, फळ्यावरचे दिसत नाही म्हणत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

३. उसाचे पाते डोळ्याला लागले, तर ते मोबाइलपेक्षा कितीतरी धोक्याचे. त्या जखमेत बुरशी धरते, फूल पडते आणि नजर जाऊ शकते. दुकानातून मनाने थेंब आणून घालू नयेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उसाला रोग दिसला की आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. लेकरांच्या डोळ्यांसाठीही तेवढीच घाई करू या.