घरात निजणारा कुत्रा रात्री घर ओले करू लागला तर

गेल्या श्रावणात जुन्नर तालुक्यातील एका वस्तीवर कांद्याच्या रोपवाटिकेचे काम पाहण्यासाठी गेलो होतो. रोपे पाहून झाली, चहा आला आणि आजींनी भलताच विषय काढला. "साहेब, ह्या मोत्याचं काय करायचं ते सांगा. नऊ वर्षांचा झाला, कधी घरात घाण केली नाही. आता रोज पहाटे पडवीत तळं! परवा गव्हाच्या पोत्याखाली ओल गेली."

घरधन्याने निर्णय घेऊन टाकलेला होता. आज रात्रीपासून मोत्या बाहेर, गोठ्याजवळच्या खांबाला. थोरल्या मुलाने दोनदा काठीही चालवली होती. मोत्या कोपऱ्यात मान घालून बसला होता.

ज्यांच्या गावात बिबट्या नाही त्यांना यात फार वावगे वाटणार नाही. खेड्यात कुत्रा बाहेरच निजतो. पण या पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्याही उसात वाढला आणि त्याचे हाताशी असलेले भक्ष्य म्हणजे कुत्रा. शेजारच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव शेळी-वासराचा नव्हे, तर कुत्र्याचा निघाला. म्हणून या भागात पुष्कळ घरी दिवे लागले की कुत्रा आत आणि दार बंद. याच घरातला आधीचा कुत्रा अंगणातून गेला होता. बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

मी म्हटले, "आजी, बाहेर बांधायचे तर आठ दिवसांनी बांधा. आधी सांगा, हा पाणी किती पितो?"

आजींना ठाऊक नव्हते. उत्तर सूनबाईंकडून आले, कारण पाणी त्या भरत. पूर्वी दारातले घमेले दिवसभर पुरे. आता तीनदा भरावे लागते. केव्हापासून? आखाडापासून. आखाडात काय झाले? मोत्याला खाज सुटून केस गळाले होते, म्हणून बाजाराच्या गावाहून कोणीतरी गोळ्या दिल्या होत्या. खाज थांबली, म्हणून गोळ्या चालूच ठेवल्या. फडताळातून पाकीट काढून दाखवले. त्यावर प्रेडनिसोलोन असे नाव होते.

हे स्टेरॉइड आहे. खाजेला उतार पडतो खरा. पण कुत्र्याला तहान अतोनात लागते, भूक वाढते आणि लघवी आवरत नाही. दिवसा तो बाहेर जाऊन येई, कोणाच्या लक्षात येत नसे. रात्री दार बंद. त्याने करावे तरी काय?

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून गोळ्या बंद करा असे मी सांगितले नाही, आणि ते बरेच झाले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली गोष्ट तीच बजावली: अनेक दिवस चाललेले हे औषध एकदम तोडल्यास कुत्रा गळाठतो, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. खाजेचे मूळ गोचिडांत होते, त्यावर वेगळा उपाय झाला. साखरेसाठी लघवीही तपासली, ती ठीक निघाली. मात्रा उतरत गेली तशी पडवी कोरडी झाली.

शिकलेला कुत्रा घरात घाण करू लागला की आपण त्याला माजला, आळसावला म्हणतो. पण वर्षानुवर्षे दार खरवडून बाहेर जाणारा प्राणी ती सवय उगाच मोडत नाही. त्याचे नाक लघवीत घासणे किंवा पहाटे उठून काठी मारणे याचा परिणाम एवढाच, की तो पुढच्या वेळी पोत्यांच्या मागे, आपल्याला न दिसेल असा करतो. रात्रीच्या कृत्याचा सकाळच्या माराशी मेळ त्याला लावता येत नाही.

पाणी मोजणे सर्वांत सोपे. सकाळी मापाने भांडे भरावे, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर, उन्हाळ्यात थोडे अधिक लागते. दोन लिटरच्या वर रोज जाऊ लागले तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांचा संशय घ्यावा. अशा कुत्र्याचे पाणी रात्री बंद करू नये. घर कोरडे राहावे म्हणून भांडे उचलणारे पुष्कळ भेटतात. त्याने आजारी कुत्रा आणखी खचतो. कुत्री न फळता माजावर येऊन गेली असेल आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी फार पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ते दुखणे जिवावरचे असते, एक दिवसही थांबू नये.

डाग कोठे व कसा पडतो तेही पाहावे. तो निजतो तेच पोते ओले असेल, तर झोपेत गळते आहे, त्याला पत्ताही नसतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत आणि पिशवी काढलेल्या कुत्रीत असे होते, त्यावर औषध मिळते. थोडी थोडी, वारंवार, कुंथून किंवा तांबूस लघवी होत असल्यास संसर्ग किंवा खडा. नर कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पातळ शी असेल तर जंत किंवा लग्नघरचे तेलकट उष्टे आठवून पाहावे.

आता निरोगी कुत्र्याविषयी. त्याच्या बाबतीत दोष बहुधा आपल्या घड्याळाचा असतो. घरातली सर्वांची जेवणे उरकल्यावर साडेनऊला त्याला ताकात कुस्करलेली भाकरी मिळते आणि दहाला दार लागते. ते ताक पहाटेपर्यंत कोठे जाणार? दिवस मावळायच्या आत त्याला खाऊ घालावे आणि निजण्यापूर्वी बाहेर न्यावे. नुसते दार उघडून सोडू नये, जवळ उभे राहावे. बिबट्याचा वास आलेला कुत्रा उंबऱ्यापासून चार पावले जाऊन परततो आणि मोकळा होतच नाही. आपल्याला वाटते, झाले काम! बिबट्याच्या गावात मोठ्या माणसाने विजेरी व काठी घेऊन, बोलत, घराच्या दिव्याच्या उजेडातच उभे राहावे. पोरांना या कामाला पाठवू नये. रात्रपाळीच्या विजेला मोटार सुरू करायला घरातले दोघे उठतच असतील, तर त्याच वेळी अंगणात कुत्र्याचीही एक फेरी होते. म्हाताऱ्याला ती फार उपयोगी पडते.

साफसफाईकडे मात्र सगळ्यांचे दुर्लक्ष. सारवलेल्या जमिनीवर वरून शेणाचा हात फिरवला की आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो, आणि तो पुन्हा तेथेच करतो. राख टाकून ओल शोषू द्यावी, तेवढा पापुद्रा खरवडून बाहेर टाकावा, मग सारवावे. फरशी असल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन, व्हिनेगर अर्धे व पाणी अर्धे असे पुसावे. फिनेलचा वास उग्र खरा, पण त्यावर चालून कुत्रा पाय चाटतो, म्हणून ते टाळलेले बरे. हे काम नुसत्या हातांनी करू नये. धान्याच्या कोठीत उंदीर असतात, त्यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू कुत्र्याला लागतात आणि त्याच्या लघवीतून माणसाला. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे. हात साबणाने धुवावेत. धान्याची पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.

दवाखान्यात जाताना सकाळची पहिली लघवी न्यावी. जुनी पळी उकळत्या पाण्यातून काढून वाळवावी, कुत्रा पाय वर करील तेव्हा धारेखाली धरावी आणि कोरड्या स्वच्छ बाटलीत ओतून दोन-तीन तासांत पोहोचवावी. किती पाणी पितो ते कागदावर लिहून न्यावे, आणि गेल्या दोन महिन्यांत दिलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, पिशवीत घालावीत.