डरहॅमचा खाणकामगार मेळा



आपण जत्रा भरवतो ती देवाची, उरूस भरवतो तो पिराचा, आणि सण साजरा करतो तो पिकाचा किंवा ऋतूचा. एखाद्या धंद्याचा उत्सव, आणि तोही कोळसा खणण्यासारख्या जिवावरच्या धंद्याचा, कोणी करीत असेल हे आपल्या सहसा मनात येत नाही. आज मी ज्या मेळ्याची हकीकत सांगणार आहे तो इंग्लंडच्या ईशान्य भागात डरहॅम या गावी जुलै महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरतो. इंग्रजीत त्याला ‘गाला’ म्हणतात. पण तिथली साधी माणसे त्याला ‘बिग मीटिंग’, म्हणजे थोरली सभा, असेच म्हणत आली आहेत. १८७१ साली तो प्रथम भरला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. म्हणजे ज्या परंपरेत आपण आज येथे बसलो आहोत, तिच्याच वयाचा हा मेळा आहे.

मी शाळेत नववीपर्यंत शिकलो आणि गेली तीस वर्षे वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींत कामगार संघटनेचे काम करीत आहे. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याची पुस्तके शेजारी शब्दकोश उघडा ठेवून वाचताना. डरहॅमच्या मेळ्याची पहिली माहिती मला नागपुरात रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका पुस्तकात सापडली. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. डरहॅमच्या खाणी केव्हाच बंद झाल्या, पण मेळा मात्र चालू आहे. आमच्या खाणी बंद होतील तेव्हा आमच्या मागे काय राहील?

हा मेळा का जन्मला हे समजण्यासाठी त्याआधीची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. डरहॅमच्या खाणकामगाराला वर्षाच्या कराराने बांधून घेत असत. त्या कराराला ‘बाँड’ म्हणत. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कागद वाचून दाखवला जाई आणि कामगार त्यावर फुली मारी. ती एकदा मारली की वर्षभर तो त्या खाणीचा. मुदतीआधी काम सोडले तर तो गुन्हा ठरे आणि तुरुंगाची वाट धरावी लागे. राहण्याचे घरही मालकाचेच. १८४४ च्या मोठ्या संपात मालकांनी कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाडासकट रस्त्यावर काढली. मजुरी कोळशाच्या वजनावर मिळे, आणि वजन करणारा माणूस मालकाचा. आपल्याकडे ज्याला काटा मारणे म्हणतात, तो प्रकार तिथेही होता. म्हणूनच काट्यापाशी कामगारांनी निवडलेला माणूस उभा राहू द्यावा, ही तिथल्या कामगारांची फार जुनी मागणी होती आणि ती त्यांनी कायद्याने मिळवली.

१८६९ साली डरहॅम खाणकामगार संघटना स्थापन झाली, १८७१ साली पहिला मेळा भरला आणि १८७२ साली तो वार्षिक करार संपुष्टात आला. हा क्रम पाहिला म्हणजे मेळ्याचे मूळ स्वरूप कळते. ज्यांना वर्षभरासाठी बांधून घेतले जात होते ती माणसे आपल्या पायांनी, आपल्या खर्चाने, आपल्या वाद्यांच्या गजरात जिल्ह्याच्या मुख्य गावी आली, आणि आम्ही किती आहोत हे त्यांनी जगाला व स्वतःलाही दाखवले. मौज आणि मागणी या दोन गोष्टी तिथे पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. सुरुवातीच्या वर्षांत तेथे भाषण करणाऱ्यांत चार्ल्स ब्रॅडलॉ हे होते. हेच ब्रॅडलॉ पुढे १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले होते. याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी झगडत होते. ती सुट्टी १८९० साली मिळाली. समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच काळात माणसे एकच गोष्ट मागत होती: आमचाही एक दिवस असावा.

आता मेळ्याचा दिवस कसा जातो ते पाहू. प्रत्येक खाणीवर संघटनेची शाखा असे. तिला ‘लॉज’ म्हणत. प्रत्येक लॉजचे स्वतःचे निशाण आणि बहुधा स्वतःचा ब्रास बँड असे. पहाटेच बँड गावातून वाजत निघे, मागे निशाण आणि निशाणामागे बायकामुलांसह सारे गाव. असे शेकडो जथे डरहॅमला जमत. आजही मिरवणूक अरुंद रस्त्यांतून काउंटी हॉटेलासमोर येते. हॉटेलाच्या सज्जात पाहुणे व पुढारी उभे असतात. तेथे प्रत्येक बँड थांबतो आणि आपले खास बसवलेले एक गाणे वाजवून पुढे सरकतो. पुढे वेअर नदीच्या काठी रेसकोर्सचे विस्तीर्ण मैदान आहे. तिथे निशाणे कुंपणाला बांधून ठेवतात, भाषणे होतात, लोक घरून आणलेली शिदोरी सोडतात, मुले पाळण्यात बसतात. दुपारनंतर काही निशाणे टेकडीवरच्या जुन्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेसाठी नेतात. आपल्याकडील दिंडी, जाहीर सभा आणि जत्रा या तिन्ही एका दिवसात घाला, म्हणजे आपल्याला त्या दिवसाची कल्पना येईल.

निशाणांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ही निशाणे रेशमी असतात, दोन पुरुष उंचीच्या जवळपास जाणारी. दोन काठ्यांवर ती तोलून धरतात आणि वाऱ्याने उलटू नयेत म्हणून पुढून-मागून दोऱ्यांनी ताणतात. त्यांच्यावर चित्रे रंगवलेली असतात. कुठे काठ्यांची मोळी, जी एकेक काठी मोडते पण मोळी मोडत नाही. ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. कुठे संघटनेचा पुढारी, कुठे कामगारांचे आरोग्यधाम. चॉपवेल गावाच्या निशाणावर तर मार्क्स, लेनिन आणि केर हार्डी असे तिघे आहेत. दुसऱ्या कुठल्या निशाणावर वृद्ध खाणकामगारांसाठी बांधलेली घरे दिसतील. ती घरे १८९८ साली सुरू झालेल्या एका संस्थेने कामगारांच्या लहान लहान वर्गण्यांतून उभी केली, कारण काम सुटले की मालकाचे घरही सुटे आणि म्हातारपणी माणूस उघड्यावर पडे. म्हणजे निशाण ही नुसती शोभा नव्हे. आम्ही काय मिळवले आणि काय मिळवायचे आहे, याचा तो हिशेब आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो कळतो.

परंतु या मेळ्यातील सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती निराळीच आहे. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल, त्या खाणीच्या निशाणावर काळे वस्त्र बांधण्याचा प्रघात होता. २९ मे १९५१ रोजी ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला आणि बचावासाठी उतरलेल्या दोघांसह ८३ जण मृत्युमुखी पडले. सहा आठवड्यांनी मेळा होता. तेव्हा कामगारांनी मेळा पुढे ढकलला नाही की शोक घरी ठेवला नाही. काळे वस्त्र बांधलेले निशाण घेऊन ते त्याच रस्त्याने चालले. २२ सप्टेंबर १९३४ रोजी वेल्समधील ग्रेसफर्ड येथे २६६ माणसे गेली आणि त्यांतील बहुतेकांचे देह खाणीतच राहिले. रॉबर्ट सेंट नावाच्या एका खाणकामगाराने त्यांच्यासाठी ‘ग्रेसफर्ड’ ही धून रचली. आज तिला खाणकामगारांचे स्तोत्रच मानतात. मैदानावर ती वाजू लागली की हजारो माणसे उभी राहतात आणि क्षणापूर्वी हसणारे लोक गप्प होतात. आनंदाच्या दिवशी मेलेल्यांची आठवण काढणे हे त्यांना अशुभ वाटत नाही. ती काढल्याशिवाय आनंदाचा अधिकार नाही, असे ते मानतात.

या मेळ्यात सारे गोडगोडच होते असे मात्र नव्हे. १८९२ च्या संपात डरहॅमचे बिशप वेस्टकॉट यांनी मालक व कामगार यांच्यात मध्यस्थी करून तोड काढली. १९०१ साली त्यांनी आपले अखेरचे प्रवचन कॅथीड्रलमध्ये खाणकामगारांपुढेच केले आणि आठवड्याभरात ते वारले. पण पुढचे एक बिशप, हेन्सन, हे संघटनांवर कडक टीका करणारे निघाले. १९२५ च्या मेळ्यात संतापलेल्या जमावाने एका धर्मगुरूला बिशप समजून नदीकडे रेटत नेले. ते होते डीन वेल्डन. पोलिसांच्या बोटीने त्यांची सुटका केली. माणूस चुकीचा होता आणि कृत्यही चुकीचे होते. आम्हा संघटनेवाल्यांनी ही हकीकत हसून सोडून देऊ नये. जमाव आपला असला तरी त्याला आवरण्याची जबाबदारीही आपलीच असते.

आता खाणी बंद होण्याची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी डरहॅमच्या खाणींत दीड लाखाहून अधिक माणसे कामाला होती. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि लोकांना वाटले, आता आपले दिवस आले. पण १९५१ च्या जिल्हा आराखड्यात शंभराहून अधिक खाणगावे ‘ड’ वर्गात टाकण्यात आली. ‘ड’ वर्ग म्हणजे तेथील कोळसा संपत आला आहे, तेव्हा त्या गावांवर नवा पैसा घालू नये. ही योजना करणारी जिल्हा परिषदही कामगारांच्याच पक्षाची होती. त्यानंतर खाणी एकामागून एक मिटत गेल्या. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरला. १९९३ च्या अखेरीस वेअरमाउथची खाण थांबली आणि डरहॅमच्या जुन्या खाणपट्ट्यात एकही भूमिगत खाण उरली नाही. त्या खाणीच्या जागेवर पुढे फुटबॉलचे मैदान झाले.

सर्वांची समजूत अशी की आता मेळाही संपणार. तो काही वर्षे रोडावला खरा. पण गावागावांत लोकांनी जुनी निशाणे पेट्यांतून काढली. फाटली होती तेथे वर्गणी करून नवी रंगवून घेतली. ज्यांच्या आजोबांनी कोळसा खणला आणि ज्यांनी स्वतः खाणीचे तोंडही पाहिलेले नाही, अशी शाळकरी मुले त्या दोऱ्या धरून चालू लागली. खाणकाम पुरुषांचे म्हणून मेळाही दीर्घकाळ पुरुषांचाच मानला गेला होता. आता स्त्रिया निशाणे उचलतात आणि बँडही वाजवतात. पगारातून वर्गणी देणारे सभासद उरले नाहीत, म्हणून हितचिंतक दरमहा थोडी रक्कम पाठवतात. त्यांना ‘मॅरा’ म्हणतात. तिथल्या खाणकामगारांच्या बोलीत हा शब्द बरोबरीने काम करणाऱ्या सोबत्यासाठी आहे. जुलैच्या त्या शनिवारी आजही लाखभर लोक जमतात.

हे कसे घडले? माझे उत्तर साधे आहे. त्यांनी उत्सव कोळशाचा केला नव्हता, कोळसा काढणाऱ्या माणसांचा केला होता. कोळसा संपला, माणसे संपली नाहीत.

आता स्वतःकडे वळू. उत्सव आपल्याला माहीत नाहीत असे नाही. खाणींच्या वसाहतींत गणपती बसतो, १४ एप्रिलची मिरवणूक निघते, विश्वकर्म्याची पूजा होते, १ मे रोजी झेंडा चढतो. पण खाणीचा म्हणून जो समारंभ होतो तो बहुधा कचेरीचा असतो, आणि त्यात टनांचे आकडे वाचले जातात. वीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका खाणीत रात्रपाळीत छत कोसळून ठेकेदाराकडचा एक मजूर गेला. दहा-बारा दिवसांनी उत्पादनाचा उच्चांक झाला म्हणून तिथे मोठा कार्यक्रम झाला. मांडव, ऑर्केस्ट्रा, प्रत्येकाला मिठाईचा पुडा. त्याच संध्याकाळी त्या मजुराची बायको कागदपत्रांसाठी फाटकावर आली होती आणि मी तिच्याबरोबर होतो. लाउडस्पीकर ऐकून तिने विचारले, “भाऊ, अंदर कायचा कार्यक्रम हाये?” मी म्हणालो, “कोळशाचा.” ती पुढे काही बोलली नाही. आत त्या माणसाचे नाव कोणी घेतले नाही. आणि खरे सांगायचे तर, आमच्या संघटनेनेही त्या वर्षीच्या १ मे रोजी ते घेतले नाही, कारण तो आमचा सभासद नव्हता. ही चूक आमची होती.

१० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसून ६३ कामगार गेले. त्या वेळी तो भाग आणि आपला विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे ३७५ गेले. आपल्यापैकी किती जणांना या तारखा ठाऊक आहेत? खाणी १९७३ साली राष्ट्राच्या झाल्या. परंतु त्यांत गेलेली माणसे राष्ट्राच्या आठवणीत आली का, हा प्रश्न उरतोच. आज भूमिगत खाणी मिटत आहेत, उघड्या खाणींत यंत्रे आली आहेत, आणि कोळशाच्या धुराने हवामान बिघडते हेही सर्वांना कळले आहे. कोळसा कायमचा नाही. त्याचे गोडवे गाऊन आपण फार पुढे जाणार नाही.

लगेच मेळा भरवा, बँड आणा, असे मी म्हणत नाही. दुसऱ्याची जत्रा उचलून आणता येत नाही. आम्ही एवढेच ठरवले आहे की येत्या १ मे रोजी संघटनेच्या कचेरीत एक वही ठेवायची. ज्याच्या घरचा माणूस खाणीत किंवा खाणीच्या धुळीने गेला असेल त्याने नाव, गाव, खाण आणि साल लिहून द्यावे, मग तो कायम नोकरीतला असो की ठेकेदाराचा, आमचा सभासद असो की दुसऱ्या झेंड्याचा. ती नावे दर वर्षी झेंडा चढवण्यापूर्वी मोठ्याने वाचली जातील. त्यांत पहिले नाव त्या रात्रपाळीच्या मजुराचे असेल. ते मी स्वतः लिहिणार आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे नाव असेल तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.