लिफ्ट पडते ती कुठून

ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट बिघडली की शेतकऱ्याचा पहिला संशय पंपावर जातो. पंप महाग असतो, शिवाय ट्रॅक्टरच्या पोटात ऑइलमध्ये बुडालेला असतो. जे दिसत नाही त्यावर ठपका ठेवणं सोपं जातं. दोंडाईचा–शहादा रस्त्यावर, सारंगखेड्याच्या एका गॅरेजमध्ये ३५ हॉर्सपॉवरचा असाच एक जुना ट्रॅक्टर मागे नांगर लावून आला, तेव्हा मी तिथे होतो.

"काय व्हयनं, आबा?" मिस्त्रींनी विचारलं.

"पंप गया."

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारपूस केली. लिफ्ट एकदम गेली की हळूहळू? सकाळी उचलते का? आबांनी सांगितलं, सकाळी ठीक असते. दुपारी बांधावर ट्रॅक्टर वळवताना उचललेला नांगर वर-खाली हलायला लागतो, आणि इंजिन बंद केलं की जमिनीवर येतो. अर्धं निदान इथेच झालं असं मला वाटतं. ऑइल तापलं की पातळ होतं आणि गार असताना जी फट त्याला अडवते तिच्यातून निसटू लागतं. पंप साफ मेला असता तर सकाळीही उचललं नसतं.

मग ट्रॅक्टर सपाट जागी घेऊन डिपस्टिक काढली. या ट्रॅक्टरच्या रचनेत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांचं ऑइल एकच असतं. गिअरची झीज, धूळ, उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअर लिव्हरचं रबर फाटून आत गेलेलं पावसाचं पाणी, सगळं त्यातच येतं. पाणी असेल तर ऑइल दुधाळ दिसतं, हवा ओढली जात असेल तर फेस येतो. इथे पातळी बरोबर होती, रंगही ठीक होता.

लिव्हर पोझिशनवर घेतला. हे का, ते समजून घेण्यासारखं आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तिच्यात अवजार आणि ट्रॅक्टर एकजीव होतात. काळ्या जमिनीत नांगर जड झाला की टॉप लिंकवर दाब येतो आणि लिफ्ट नांगराला आपोआप किंचित उचलते; हेच ड्राफ्ट. म्हणजे ड्राफ्टवर काम करताना नांगर हलणं हा दोष नाहीच. पोझिशनवर मात्र तो जागेवर थांबायलाच हवा.

इंजिन सुरू केल्यावर नांगर झपाट्याने वर गेला. पंप शाबूत असल्याची ही पहिली साक्ष. वर गेल्यावर मात्र तो थोडा खाली यायचा, पुन्हा उचलायचा, सतत. फर्ग्युसनच्या वंशातल्या ट्रॅक्टरांत कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ऑइल ओढण्याच्या बाजूला असतो. लिफ्टचे हात खाली आले की व्हॉल्व्ह उघडतो, पंप ऑइल ढकलतो, हात वर. गळती दुसरीकडे असते आणि ती भरून काढता काढता पंपाची झीज होते. इंजिन बंद केलं, लिफ्टच्या हातावर खडूची खूण केली. नांगर उतरू लागला. पंप थांबलेला, तरी ऑइल परत हौदात जात होतं.

इथे घाईचा माणूस अख्खं लिफ्ट कव्हर उतरवायला घेतो. मिस्त्रींनी नांगर पूर्ण टेकवला, थोडं ऑइल काढलं, बाजूचं झाकण उघडलं. मग पुन्हा लिफ्ट उचलून, नांगराखाली मजबूत टेकू देऊन, कोणालाही मागे फिरकू न देता आत टॉर्च मारला. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून ऑइल आलं असतं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणायच्या, आणि तेव्हा कव्हर उतरवण्याशिवाय गत्यंतर नसतं. सिलिंडर कोरडा होता. पंपाकडून वर जाणाऱ्या उभ्या पाईपच्या माथ्याकडून मात्र ऑइल ओघळत होतं.

"आबा, हाई देखा."

आबांनी वाकून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. नव्या पंपाच्या खर्चाची मनाची तयारी करून आलेला माणूस होता तो.

नांगर पुन्हा टेकवून, वरचं छोटं झाकण काढून पाईप ओढून घेतला. वरची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. खालची अजून धड दिसत होती, तरी मिस्त्रींनी दोन्ही नव्या घातल्या. पाईप एकदा बाहेर आला की दोन्ही बदलायच्याच.