शिसपेन्सिलीत शिसे नसते!

मुलाने शिसपेन्सिलीचे टोक चघळले की पालकांना धास्ती वाटते, शिसे पोटात गेले तर? ही धास्ती नावामुळे आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे काळे, मऊ खनिज सापडले. लोकांनी ते शिशाचाच प्रकार मानले. १७७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी ते कार्बनचे रूप असल्याचे दाखवले. पुढे त्याला ग्रॅफाइट हे नाव मिळाले. पण शिशाची ओळख शब्दात राहून गेली.

एस्पेरांतो ही झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये जाहीर केलेली कृत्रिम भाषा. तिच्यात पेन्सिलीला 'क्रायोनो' म्हणतात. हा शब्द फ्रेंच 'क्रेयाँ'वरून घेतलेला आहे आणि त्याचे मूळ लॅटिन 'क्रेता', म्हणजे खडू. एका भाषेत शिसे, दुसरीत खडू. पेन्सिलीत मात्र दोन्ही नाहीत. आत असते ग्रॅफाइट आणि चिकणमाती.

म्हणून टोक चघळल्याने शिशाची विषबाधा होत नाही. तरीही ही सवय मोडावी, कारण तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. टोक डोळ्याला लागल्यास डोळा न चोळता लगेच डॉक्टरांना दाखवावे.