पैदाशीचा नर निवडताय? तिसऱ्या महिन्यात घाई नको!

गावरान कोंबडीपालन सुरू करणारे बहुतेक जण एक चूक हमखास करतात. आखाडात गिऱ्हाईक दारात येतं, सगळ्यात भरलेला कोंबडा उचलतं. भाव चांगला मिळतो, आपण खूश! पण मागे उरतो कोण? जो कुणी घेतला नाही तो. आणि तोच पुढच्या पिल्लांचा बाप होतो.

एका नरामागे आपण 8 ते 10 माद्या ठेवतो. म्हणजे प्रत्येक पिल्लात निम्मा वाटा त्या एकाच नराचा. दोन-तीन पिढ्या असंच चाललं की पिल्लं बारीक निघतात, आणि आपण दोष देतो खाद्याला.

ब्रॉयलर साधारण 6 आठवड्यांत विकायला तयार होतो, म्हणून आपल्याला घाईची सवय लागते. गावरान नराचं तसं नाही. त्याची निवड तीन टप्प्यांत करा.

2 महिने: इथे फक्त चाळणी. वाकडी बोटं, वाकडी चोच, सतत आजारी असलेले बाजूला काढा. बाकीच्यांच्या पायात रंगीत रिंग घाला, वजन वहीत लिहा.

3 ते 4 महिने: तुरा लाल होतो, आरवणं सुरू होतं. इथेच आपण फसतो! आधी आरवला म्हणजे तोच उत्तम, असं नाही. दोन नर हवे असतील तर या वयात चार राखून ठेवा.

6 महिने: आता शेवटचा निर्णय. वजन, सरळ पाय, सरळ छातीचं हाड आणि माद्यांवर जातो की नाही, हे बघा. असील तर याहून सावकाश भरतो, त्याला आणखी वेळ द्या.

खर्चाचं काय? एक नर दिवसाला साधारण 100 ग्रॅम खातो. दोन जास्तीचे नर अडीच महिने सांभाळले तर सुमारे 15 किलो खाद्य. आणि ते नर नंतर विकता येतातच की!

दोन गोष्टी विसरू नका. घरचा नर त्याच्याच बहिणींवर सोडू नका, दुसऱ्या गावातल्या पालकाशी अदलाबदल करा. आणि नर बदलल्यावर 3 आठवडे उबवणीला अंडी ठेवू नका, कारण जुन्या नराचं बीज मादीच्या पोटात तेवढे दिवस टिकू शकतं.

तर मित्रांनो, यंदा गिऱ्हाईक येण्याआधी आपले चार नर वेगळे काढा. उरलेले खुशाल विका!