वसले आणि वसवले : अकर्मक व सकर्मक क्रियापदे

पुढील वाक्ये पाहा.

(1) पठारावर बेंगळुरू शहर वसले.
(2) केंपेगौडा यांनी इ.स. 1537 मध्ये बेंगळुरू शहर वसवले.

पहिल्या वाक्यात ‘शहर’ हा कर्ता असून क्रिया त्याच्यापाशीच थांबते. ‘वसणे’ हे अकर्मक क्रियापद होय. दुसऱ्या वाक्यात क्रिया केंपेगौडा यांच्यापासून निघून शहरापर्यंत पोहोचते. येथे ‘शहर’ हे कर्म, म्हणून ‘वसवणे’ हे सकर्मक क्रियापद होय. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे या अशाच जोड्या आहेत.

कर्म ओळखण्यासाठी आधी कर्ता शोधावा. मग कर्त्यासह ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असे विचारावे. केवळ ‘ला’ प्रत्यय पाहून कर्म ठरवू नये. ‘शहाजीराजे बेंगळुरूला राहिले’ या वाक्यात ‘बेंगळुरूला’ हे ‘कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ते कर्म नव्हे.

भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : केंपेगौडा यांनी शहर वसवले, पेठ वसवली, बाजार वसवला. याला अपवादही आहेत. ‘ती कन्नड शिकली’ येथे ‘कन्नड’ हे कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ लागलेला नाही.

काही क्रियापदे दोन्ही प्रकारे चालतात. ‘2014 मध्ये शहराचे नाव बदलले’ येथे ‘बदलणे’ अकर्मक आहे. ‘सरकारने शहराचे नाव बदलले’ येथे तेच सकर्मक आहे. इंग्रजीत अशी क्रियापदे पुष्कळ आहेत. ‘द कप ब्रोक’ म्हणजे कप फुटला; ‘शी ब्रोक द कप’ म्हणजे तिने कप फोडला. इंग्रजीत क्रियापदाचे रूप बदलले नाही. क्रियापदानंतर कर्म आले, एवढ्यावरूनच भेद कळतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. ‘भिंत पडली’ ही घटना झाली. ‘ठेकेदाराने भिंत पाडली’ हे कृत्य झाले. पहिल्या वाक्यात जबाबदार कोण, हे कळत नाही. म्हणून अर्ज किंवा तक्रार लिहिताना, तसेच लिहून आणलेल्या जबाबाखाली सही करताना, क्रियापद नीट पाहावे.

सांगा पाहू : ‘कागद हरवले’ आणि ‘कारकुनाने कागद हरवले’ यांपैकी कोणत्या वाक्यातील क्रियापद सकर्मक आहे? का?