कोकणी मुसलमानांचा विवाह : शरियत आणि रूढी

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांतून दोन नद्या दोन दिशांना जातात. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेची वाट धरते, तर वैतरणा पश्चिमेकडे घाट उतरून अरबी समुद्राला मिळते. वैतरणेच्या मुखापासून दक्षिणेस पसरलेल्या किनारपट्टीवर कोकणी मुसलमानांची शतकानुशतकांची वस्ती आहे. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हा त्यांचा मुख्य प्रदेश होय. काही घराणी घाटावरही स्थिरावली. जुन्या नाशकातील कोकणीपुरा या मोहल्ल्याचे नाव त्याची साक्ष देते. त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत राहणारी कोकणा किंवा कोकणी ही आदिवासी जमात मात्र सर्वस्वी वेगळी असून केवळ नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत करू नये.

कोकणी मुसलमानांच्या इतिहासाचा आरंभ सागरी व्यापारात आहे. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या प्रारंभी चौल बंदरात आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेली त्यांची संततीही होती. त्यांचे तंटे मिटवण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे. उत्तर भारतात खुष्कीच्या मार्गाने हनफी विधिपरंपरा रुजली. कोकणात समुद्रमार्गे शाफई परंपरा आली. मलबारचे मापिला आणि भटकळचे नवायत हेही शाफईच. माहीमचे विद्वान सूफी मखदूम अली माहिमी (1372–1431) याच परंपरेतील होत. विवाहविधीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

इस्लाममध्ये विवाह हा करार मानला जातो. तथापि तो निव्वळ व्यवहार नसून पुण्यकर्मही आहे. शाफई शास्त्रानुसार निकाहाची पाच अंगे आहेत : वर, वधू, वधूचा वली म्हणजे विवाहपालक, दोन सचोटीचे साक्षीदार आणि प्रस्ताव व स्वीकृतीचे (इजाब-कबूल) उच्चार. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतः निकाहाचा करार करू शकते. शाफई मतानुसार वलीवाचून निकाह होत नाही. वलीचा मान प्रथम पित्याचा, त्याच्या अभावी आजोबांचा आणि पुढे पितृकुलातील निकटच्या पुरुषांचा असतो. दूध-नात्याच्या निषेधातही असाच सूक्ष्म भेद आहे. एकाच स्त्रीचे दूध प्यालेल्या मुलांचा परस्पर विवाह निषिद्ध आहे. मात्र शाफई मताप्रमाणे त्यासाठी किमान पाच वेळा स्तनपान घडलेले असावे लागते, तर हनफी मताप्रमाणे एकदाचे दूधही पुरते.

मेहेर ही वराने वधूला द्यावयाची रक्कम किंवा वस्तू होय. कुराणाच्या चौथ्या अध्यायात स्त्रियांना ती मनापासून द्यावी, अशी आज्ञा आहे. मेहेरवर अधिकार वधूचा असतो, तिच्या पित्याचा नव्हे. ताबडतोब द्यावयाचा आणि मागाहून द्यावयाचा, असे त्याचे दोन प्रकार आहेत. शाफई शास्त्राने मेहेराची किमान मर्यादा ठरवलेली नाही. निकाहाच्या वेळी रक्कम ठरली नसली तरी विवाह वैध राहतो. अशा वेळी वधूच्या पितृकुलातील स्त्रियांना मिळालेला मेहेर प्रमाण मानतात. हुंडा याच्या नेमका उलट दिशेने वाहतो. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही हुंड्याच्या व्याख्येतून मुस्लिम विवाहातील मेहेर स्पष्टपणे वगळला आहे.

वधूची संमती घेण्याचा प्रसंग निकाहातील सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. पुरुषमंडळी मशिदीत किंवा मांडवात बसलेली असतात. वधू बायकांच्या घोळक्यात आतल्या खोलीत असते. वलीच्या वतीने नेमलेला वकील दोन साक्षीदारांसह दाराशी येतो. वराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि मेहेराची रक्कम स्पष्टपणे उच्चारून तो तिची इजाजत मागतो. आतली कुजबुज थांबते आणि साक्षीदार कान देतात. हदीस परंपरेत कुमारिकेचे मौनही संमतीदर्शक मानले आहे. परंतु हल्ली तोंडी होकारासोबत निकाहनाम्यावर तिची सही घेण्याची रीत आहे. वकील बाहेर येऊन संमती कळवतो. मग काझी खुतबा पढतात, इजाब आणि कबूल होतात, दुआ मागितली जाते आणि खारका-खजूर वाटतात. साऱ्या सोहळ्यातील हा अत्यावश्यक भाग अर्ध्या तासाच्या आत संपतो. त्यासाठी काझी असलाच पाहिजे, असेही नाही. 1880 च्या काझी कायद्यात विवाहासाठी काझींची उपस्थिती अनिवार्य नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

या अर्ध्या तासाभोवती अनेक दिवसांचे जे लग्न उभे राहते, ते कोकणच्या मातीतले आहे. अंगणात मांडव पडतो, वधूवरांना हळद लागते, मेहंदी रंगते. नवरदेव फुलांचा सेहरा बांधतो. बायका आपल्या बोलीत लग्नाची गाणी म्हणतात. त्यांच्या आरंभी अल्ला-नबीचे नाव घेतात आणि पुढे ओळी विहिणींच्या थट्टेकडे वळतात. पंगतीला वडे, सांदण, तांदळाच्या भाकऱ्या आणि मटण असते. महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम घरांत सवाशीण गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालते. गावची जमात, म्हणजे मशिदीभोवती संघटित झालेला समाज, निमंत्रण स्वीकारून कार्य आपले मानते.

या रूढींना शरियतमध्ये स्थान कसे मिळते, याचे उत्तर शास्त्रातच आहे. शास्त्रकारांनी मानवी कृतींचे पाच वर्ग केले आहेत : अनिवार्य, इष्ट, मुभा असलेली, अप्रिय आणि निषिद्ध. त्यासोबत, जेथे धर्मवचनाचा विरोध नाही तेथे लोकरूढी निर्णायक ठरते, हे सूत्रही मान्य आहे. शाफई पंडित जलालुद्दीन सुयूती (मृत्यू 1505) यांनी विधिशास्त्राच्या पाच मूलसूत्रांत त्याचे विवेचन केले आहे. या चौकटीत कोकणी विवाहाची मांडणी केली, तर वली, साक्षीदार आणि इजाब-कबूल अनिवार्य वर्गात येतात. खुतबा, दुआ आणि वलीमा इष्ट वर्गात जातात. हळद, मांडव, सेहरा आणि पंगतीतील पदार्थ यांना साधारणतः मुभा असते. ऐपतीबाहेरची उधळपट्टी अप्रिय ठरते, तर हुंड्यासाठीची जबरदस्ती आणि ईश्वरेतरांची उपासना निषिद्ध होत. गाण्यांविषयी मतभेद आहेत. लग्नात डफ वाजवून आनंद जाहीर करण्यास मात्र हदीसचा आधार आहे. निकाह गुप्त नसावा, हे मूल्य त्यामागे आहे.

वलीमा म्हणजे निकाहानंतर वराकडून दिले जाणारे भोजन. एका बकरीचे का होईना, पण जेवण घालावे, असा पैगंबरांचा सल्ला परंपरेने जपला आहे. यजमानाने आपल्या शक्तीनुसार खर्च करावा आणि गरिबांना वगळू नये, हे त्याचे मर्म होय. मुलीच्या बापावर जेवणावळीचा बोजा टाकण्यास शास्त्राचा आधार नाही. मेहेर आणि वलीमा या दोन्ही जबाबदाऱ्या वराच्या आहेत, ही गोष्ट समाजसुधारकांनी वारंवार निदर्शनास आणली आहे.

शास्त्र, रूढी आणि न्यायालय यांचा संबंध दाखवणारा एक महत्त्वाचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या आरंभीच्या काळातील आहे. मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद या 1864 च्या दाव्यात शाफई मुलीच्या विवाहाला पित्याची संमती नव्हती. वयात आलेली मुलगी हनफी मत स्वीकारू शकते आणि त्यानुसार पित्याच्या संमतीविना विवाह करू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. इस्लामच्या एका विधिशाखेत जे दार बंद होते, ते दुसऱ्या शाखेत उघडे होते. पुढे 1937 च्या शरियत कायद्याने विवाह आणि मेहेर यांसारख्या विषयांत रूढीपेक्षा शरियतला प्राधान्य दिले, तर 1939 च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागण्याची कारणे निश्चित करून दिली.

या विवाहपद्धतीला हिंदू-मुस्लिम संस्कृतींची सरमिसळ म्हणून मोकळे होणे अपुरे आहे. येथे संमती, मेहेर, साक्ष, प्रसिद्धी आणि मितव्यय ही मूल्ये चाळणीसारखी काम करतात. कोकणच्या ज्या रूढी तीतून पार पडतात त्या टिकतात आणि न बसणाऱ्या हळूहळू गळून पडतात. हे स्थित्यंतर आजही चालू आहे. अनेक घरांत हळद आणि गाणी मागे पडत आहेत आणि त्यांसोबत बोलीतील शब्दही लोपत आहेत. म्हणून ज्यांच्या घरी जुनी गाणी जाणणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांनी ती ध्वनिमुद्रित करावीत. तसेच जमातींनी आपल्याकडील निकाहाच्या जुन्या नोंदवह्या नीट जतन कराव्यात. कोणत्या काळी किती मेहेर ठरत होता आणि कोणत्या गावांत सोयरीक होत होती, हे सांगणारे याहून विश्वसनीय साधन दुसरे नाही.